आनृशंस्य

आनृशंस्य ही महाभारतातील एक मध्यवर्ती नैतिक संकल्पना आहे. 'क्रौर्याचा अभाव' हा तिचा शब्दशः अर्थ होय. मात्र महाभारतात ती केवळ अभाववाचक राहत नाही. दुसऱ्याचे दुःख जाणणे आणि आश्रयाला आलेल्यास किंवा संकटात सापडलेल्यास एकटे न सोडणे, असा भावरूप आशय तिला तेथे प्राप्त होतो. वनपर्वातील यक्षप्रश्नांत युधिष्ठिर आनृशंस्याला श्रेष्ठ धर्म म्हणतो आणि महाप्रस्थानिकपर्वात याच गुणासाठी स्वर्गाचाही त्याग करण्याची तयारी दाखवतो. माणसाचे क्रौर्य, ते घडू देणारा ईश्वर आणि तरीही टिकून राहणारी धर्मश्रद्धा यांचा परस्परसंबंध महाभारतातील अनेक आख्यानांत तपासला गेला आहे. त्या आख्यानांचा अर्थ लावताना ही संकल्पना महत्त्वाची ठरते.

व्युत्पत्ती आणि अर्थ

'नृशंस' म्हणजे क्रूर, माणसांना पीडा देणारा. अमरकोशात नृशंस, घातुक, क्रूर आणि पाप हे शब्द एकाच अर्थाचे म्हणून एकत्र दिले आहेत. जो नृशंस नाही तो 'अनृशंस' आणि त्याचा भाव म्हणजे 'आनृशंस्य'.

महाभारतात या शब्दाच्या आसपास 'अनुक्रोश', 'दया' आणि 'घृणा' हे शब्दही येतात. अनुक्रोश म्हणजे दुसऱ्याच्या आक्रोशामागून आपणही आक्रोश करणे. आजच्या भाषेत त्याला सहवेदना म्हणता येईल. संस्कृतातील 'घृणा' या शब्दाचा एक प्रमुख अर्थ दया असा आहे. मराठीत पुढे तो शब्द किळस या अर्थाने रूढ झाला. मात्र त्याचा जुना अर्थ 'निर्घृण' या विशेषणात टिकून राहिला आहे. वृत्तपत्रांत 'निर्घृण हत्या' असे छापले जाते तेव्हा 'दयाशून्य हत्या' हाच अर्थ अभिप्रेत असतो.

अहिंसा आणि आनृशंस्य

महाभारतात अहिंसेलाही अनेक ठिकाणी परम धर्म म्हटले आहे. परंतु या दोन संकल्पना एकरूप नाहीत. अहिंसा हे प्रामुख्याने श्रमण परंपरांनी आणि संन्यासमार्गाने जोपासलेले मूल्य असून कोणत्याही जीवाला इजा न करणे हा त्याचा आदर्श आहे. शेती, राज्यकारभार किंवा युद्ध यांत गुंतलेल्या माणसाला तो पूर्णपणे पाळणे शक्य नसते.

वनपर्वातील धर्मव्याधाच्या आख्यानात ही अडचण स्पष्टपणे मांडली आहे. केवळ क्रोधाच्या दृष्टिक्षेपाने एका बगळीचा जीव घेणारा कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण, एका गृहिणीच्या सांगण्यावरून, धर्म शिकण्यासाठी मिथिलेतील मांसविक्रेत्या व्याधाकडे येतो. व्याध त्याला सांगतो की नांगरताना जमिनीतील असंख्य जीव मरतात, चालताना पायाखाली जीव चिरडले जातात आणि धान्याच्या दाण्यांतही जीव असतात. त्यामुळे संपूर्ण अहिंसक असा या जगात कोणीच नाही. याच उपदेशात तो आनृशंस्याला परम धर्म म्हणतो. हिंसा सर्वस्वी टाळता येत नसली तरी मनाची निष्ठुरता टाळता येते, असा या आख्यानाचा निष्कर्ष आहे. उपदेश करणारा मांसविक्रेता आणि ऐकणारा तपस्वी, ही योजनाही लक्षणीय आहे. तपामुळे किंवा वेदाध्ययनामुळे माणूस क्रौर्यापासून आपोआप मुक्त होत नाही, हे कौशिकाच्या उदाहरणातूनच सिद्ध होते.

शांतिपर्वातील तुलाधार आणि जाजली यांच्या संवादातही हाच विचार दिसतो. आपल्या जटांत पक्ष्यांना घरटे करू देणाऱ्या जाजलीला तपाचा अभिमान होतो, तेव्हा वाराणसीतील वाणी तुलाधार त्याला धर्म समजावून सांगतो. बैलांची नाके टोचणे, त्यांच्यावर भार लादणे, माणसांनी माणसांना दास करून राबवणे आणि यज्ञात पशू मारणे या सर्वांवर तो टीका करतो. रूढ आहे म्हणून क्रौर्य निर्दोष ठरत नाही, असे त्याचे म्हणणे आहे.

धर्मकृत्य म्हणून घडणारे क्रौर्य

महाभारताची कथा जनमेजयाच्या सर्पसत्रात सांगितली गेली. तक्षकाने परीक्षिताला दंश करून मारले, म्हणून त्याचा पुत्र जनमेजय समस्त सर्पकुळाचा नाश करण्यासाठी यज्ञ मांडतो. एकाच्या अपराधासाठी असंख्य सर्प मंत्रबळाने ओढले जाऊन अग्नीत पडतात. येथे क्रौर्याला सूडाचे कारण आहे, राजाची सत्ता आहे आणि यज्ञाचे पावित्र्यही आहे. ऋत्विज आपले कर्म बिनचूक पार पाडत असतात. जरत्कारू ऋषी आणि वासुकीची बहीण जरत्कारू यांचा मुलगा आस्तीक तेथे येतो, यज्ञाची स्तुती करून राजाकडून वर मिळवतो आणि तो यज्ञ थांबवण्याची मागणी करतो. आस्तीक हे नाव 'अस्ति' म्हणजे 'आहे' या शब्दावरून पडल्याचे आदिपर्वात सांगितले आहे. श्रद्धावानाला लावला जाणारा 'आस्तिक' हा शब्दही याच मुळापासून आला आहे. त्यामुळे ज्याच्या नावातच 'आहे' ही ग्वाही आहे, त्यानेच एक धर्मकृत्य बंद पाडावे, ही घटना ग्रंथाच्या आरंभीच येते.

सौप्तिकपर्वातील संहार हे याहून भीषण उदाहरण होय. पित्याच्या वधाने संतप्त झालेला अश्वत्थामा, रात्री झाडावरील झोपलेल्या कावळ्यांना मारणारे घुबड पाहतो आणि पांडवांच्या छावणीवर तसाच हल्ला करण्याचे ठरवतो. झोपलेल्यांना मारणे धर्माला धरून नाही, असे कृपाचार्य त्याला सांगतात. तो ऐकत नाही. छावणीच्या दारात तो महादेवाची आराधना करतो, स्वतःचीच आहुती देऊ करतो, आणि प्रसन्न झालेला महादेव त्याला खड्ग देऊन त्याच्या शरीरात प्रवेश करतो. त्यानंतर धृष्टद्युम्न, द्रौपदीचे पाच पुत्र आणि इतर योद्धे मारले जातात. आराधना खरी होती आणि देव प्रसन्नही झाला, पण त्यामुळे कृत्य नृशंस असण्यात काहीही फरक पडत नाही. उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडल्याबद्दल कृष्ण अश्वत्थाम्याला तीन हजार वर्षे एकाकी भटकण्याचा शाप देतो. कपाळावरील जखमेसाठी तेल मागत अश्वत्थामा अजूनही फिरतो, अशी लोकश्रुती महाराष्ट्रात प्रचलित आहे.

दैवी न्यायावरील आक्षेप

अणीमांडव्याची कथा

आदिपर्वातील या कथेत क्रौर्याचा आरोप प्रत्यक्ष धर्मदेवावरच केला आहे. मांडव्य ऋषी मौनव्रतात असताना चोर आपली लूट त्यांच्या आश्रमात लपवतात. राजाचे सेवक ऋषींनाही चोरांचे साथीदार समजतात आणि त्यांना सुळावर चढवले जाते. ऋषी मरत नाहीत. चूक कळल्यावर राजा क्षमा मागतो, पण सूळ शरीरातून निघत नाही, म्हणून तो कापून टाकावा लागतो; त्याचे टोक म्हणजे 'अणी' आत राहिल्याने त्यांचे नाव अणीमांडव्य पडते. आपल्याला ही शिक्षा कशाबद्दल, असे ते धर्माला विचारतात. बालपणी त्यांनी पतंगांच्या शेपटांत गवताच्या काड्या खुपसल्या होत्या, त्याचे हे फळ, असे उत्तर मिळते.

मांडव्य हा न्याय स्वीकारत नाहीत. अल्प अपराधाला एवढा दंड दिल्याबद्दल ते धर्माला शूद्रयोनीत जन्म घेण्याचा शाप देतात आणि चौदा वर्षांच्या वयापर्यंत केलेल्या कृत्याचे पाप लागणार नाही, अशी मर्यादा घालून देतात. या शापामुळे धर्म विदुराच्या रूपाने जन्माला येतो. कर्मफलाचा नियम केवळ अचूक असून भागत नाही, तो निष्ठुरही असता कामा नये, असा या कथेचा आशय आहे. शूद्रयोनीतील जन्म ही शिक्षा मानण्यात मात्र तत्कालीन वर्णव्यवस्थेची विषमता उघड दिसते.

द्रौपदीचा प्रश्न

द्यूतसभेतील विटंबनेनंतर वनवासात असलेली द्रौपदी द्वैतवनात युधिष्ठिराशी वाद घालते. धर्माचे रक्षण करणाऱ्याचे धर्म रक्षण करतो असे तिने ऐकलेले असते, परंतु सर्वस्व धर्माला वाहिलेला आपला पती वनात आणि दुर्योधन राज्यावर, हे ती पाहत असते. विधाता प्राण्यांशी आईबापांसारखा न वागता रागावलेल्या परक्या माणसासारखा वागतो, असे ती म्हणते. तिच्या मते माणूस दोरीने हलवल्या जाणाऱ्या लाकडी बाहुलीसारखा आहे आणि ईश्वर खेळणी जोडणाऱ्या व मोडणाऱ्या मुलासारखा. पुढे ती एक पेच मांडते. कर्माचे पाप कर्त्याला लागत असेल, तर सर्व करवून घेणारा ईश्वर त्या पापाने लिप्त होतो. ते त्याला लागत नसेल, तर या जगात बळ हेच अंतिम कारण ठरते. आणि मग आपल्याला दुर्बळांसाठी शोक वाटतो, असे ती सांगते.

युधिष्ठिर तिच्या बोलण्याला नास्तिक्य म्हणतो. आपण फळाच्या आशेने धर्म आचरत नाही, धर्माचा व्यापार करणारा हीन होय, असे तो उत्तर देतो. हे उत्तर निष्काम धर्माचरणाची उत्तम मांडणी असले, तरी त्याने द्रौपदीच्या पेचाचे निराकरण होत नाही. पुढे द्रौपदी आपण दुःखाने बोललो असे म्हणते, पण पुरुषार्थाचा आग्रह सोडत नाही.

युधिष्ठिराच्या तीन परीक्षा

ज्या धर्मदेवाला निष्ठुर न्यायाबद्दल शाप मिळाला, तोच पुढे आपला पुत्र युधिष्ठिर याची तीन वेळा परीक्षा घेतो. पहिल्या दोन परीक्षांच्या प्रसंगी आनृशंस्याचा वा नृशंसतेचा उल्लेख स्पष्टपणे येतो.

पहिली परीक्षा द्वैतवनात, यक्षाच्या सरोवरापाशी होते. प्रश्नोत्तरे संपल्यावर यक्ष मृत भावांपैकी एकाला जिवंत करण्याचा वर देतो. युधिष्ठिर पराक्रमी भीम किंवा अर्जुन यांची निवड न करता नकुलाला मागतो. कुंतीचा एक पुत्र आपल्या रूपाने जिवंत आहे, तसा माद्रीचाही एक असावा, असे कारण तो सांगतो आणि आनृशंस्य हाच आपला धर्म असल्याचे बोलून दाखवतो. येथे आनृशंस्य म्हणजे हजर नसलेल्या, किंबहुना हयात नसलेल्या व्यक्तीच्या दुःखाचाही विचार होय. संतुष्ट झालेला यक्ष चारही भावांना जिवंत करतो.

दुसरी परीक्षा महाप्रस्थानाच्या शेवटी होते. द्रौपदी आणि चारही भाऊ वाटेत पडलेले असतात आणि हस्तिनापुरापासून मागे आलेला एक कुत्रा तेवढा सोबत उरतो. इंद्र रथ घेऊन येतो, पण स्वर्गात कुत्र्याला जागा नाही आणि त्याला सोडण्यात काही नृशंसता नाही, असे सांगतो. युधिष्ठिर ते मान्य करत नाही. भक्ताचा त्याग हे मोठे पाप आहे, असे म्हणून तो स्वर्ग नाकारतो. तो कुत्रा म्हणजे धर्मच असल्याचे नंतर उघड होते, परंतु निर्णय घेताना युधिष्ठिराला ते ठाऊक नसते.

तिसरी परीक्षा स्वर्गारोहणपर्वात येते. स्वर्गात गेलेल्या युधिष्ठिराला तेथे वैभवात बसलेला दुर्योधन दिसतो, आपले भाऊ मात्र दिसत नाहीत. देवदूत त्याला नरकाकडे नेतो. दुर्गंधीने व्याकूळ होऊन तो परत फिरतो, तोच त्याला आर्त हाका ऐकू येतात. त्याच्या येण्याने सुखद वारा वाहू लागला आहे, म्हणून त्याने क्षणभर थांबावे, अशी विनवणी ते आवाज करतात. ते कर्ण, भीम, अर्जुन, नकुल, सहदेव, धृष्टद्युम्न, द्रौपदी आणि तिचे पुत्र यांचे असल्याचे कळल्यावर युधिष्ठिर देवांची आणि धर्माचीही निर्भर्त्सना करतो. आपल्या सान्निध्याने यांना सुख होते, म्हणून आपण येथेच राहू, असा निरोप तो देवदूताकडून पाठवतो. त्यानंतर देव प्रकट होतात आणि हा सर्व देखावा होता, असे सांगतात. द्रोणाशी केलेल्या कपटाचे हे प्रायश्चित्त होते आणि सर्व राजांना नरक पाहावा लागतो, असे स्पष्टीकरण इंद्र देतो.

वनपर्वात द्रौपदीच्या आक्षेपाला नास्तिक्य म्हणणारा युधिष्ठिर ग्रंथाच्या अखेरीस स्वतःच देवांना आणि धर्माला दोष देतो. असे असूनही धर्मदेव त्याला नास्तिक म्हणत नाही. तो या परीक्षेतही उत्तीर्ण झाला, असेच सांगतो. पीडितांच्या बाजूने दैवी न्यायाला विचारलेला प्रश्न हा श्रद्धेचा भंग नसून तिचाच एक आविष्कार असू शकतो, असे या प्रसंगावरून म्हणता येते.

शुक आणि इंद्र यांचा संवाद

अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना आनृशंस्याचे गुण विचारतो, तेव्हा भीष्म एका पोपटाची कथा सांगतात. काशीच्या राज्यातील एका व्याधाचा विषारी बाण चुकून एका मोठ्या झाडाला लागतो आणि ते वाळू लागते. त्याच्या ढोलीत राहणारा पोपट झाड सोडत नाही, तोही उपासाने सुकू लागतो. इंद्र ब्राह्मणवेषाने येऊन फळाफुलांनी भरलेल्या दुसऱ्या झाडांकडे जाण्याचा सल्ला देतो. ज्या झाडाने जन्म दिला, वाढवले आणि शत्रूंपासून राखले, ते वाईट दिवसांत कसे सोडावे, असे पोपट विचारतो. प्रसन्न झालेला इंद्र वर देतो, आणि पोपट झाडालाच पुन्हा टवटवीत करण्याची मागणी करतो. पशुपक्ष्यांतही आनृशंस्य असू शकते, याचे इंद्रालाही आश्चर्य वाटते.

उत्तरकालीन विचार

द्रौपदीने विचारलेला प्रश्न वेदान्तातही उपस्थित झाला. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावर 'वैषम्य' म्हणजे पक्षपात आणि 'नैर्घृण्य' म्हणजे निर्दयता हे दोष येतात काय, याचा विचार केला आहे. शंकराचार्यांच्या भाष्यानुसार ईश्वर प्राण्यांच्या कर्माला अनुसरून सृष्टी निर्माण करतो. पाऊस सर्व बीजांना सारखाच पडतो, पण भात आणि जव यांच्यातील भेद ज्याच्या त्याच्या बीजामुळे होतो. तसेच सुखदुःखाच्या भेदाचे कारण कर्म होय. संसार अनादी असल्याने पहिले कर्म कोणते, हा प्रश्न उरत नाही. या उत्तराने ईश्वर निर्दोष ठरतो. मात्र पीडिताचे दुःख त्याच्याच पूर्वकर्माचे फळ मानले, की क्रूर माणसाची जबाबदारी सौम्य होण्याचा धोका संभवतो, असा आक्षेप या मतावर घेतला जातो.

मराठीत ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातील अहिंसेचे विवेचन या संदर्भात महत्त्वाचे आहे. ज्ञानेश्वरांनी येथे यज्ञातील पशुहिंसेला अहिंसेचे साधन मानणाऱ्या मताचा आणि औषधासाठी वनस्पती उपटून जीव वाचवण्याच्या विसंगतीचा परामर्श घेतला आहे. त्यानंतर अहिंसा ज्याच्या अंगी बाणली आहे, त्याचे चालणे, बोलणे आणि पाहणे कसे असते याचे सविस्तर वर्णन ते करतात. अहिंसा हा निषेधाचा नियम न राहता स्वभावातील मार्दव होतो, आणि या ठिकाणी ती आनृशंस्याच्या निकट येते.

आधुनिक अभ्यास

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यामुळे संकल्पनांचा पाठनिष्ठ अभ्यास सुकर झाला. मुकुंद लाठ यांनी आनृशंस्यावर लिहिलेला निबंध रा. ना. दांडेकर यांनी संपादित केलेल्या व साहित्य अकादेमीने १९९० मध्ये प्रकाशित केलेल्या ग्रंथात आहे. अहिंसा हा निवृत्तिमार्गाचा आदर्श असून आनृशंस्य हा प्रवृत्तिमार्गातील, म्हणजे संसारात राहणाऱ्या माणसाचा धर्म आहे, अशी त्यांची मांडणी आहे. आल्फ हिल्टेबायटेल यांनी परम धर्म म्हणून महाभारतात आनृशंस्याचा उल्लेख अहिंसेपेक्षा अधिक वेळा येतो, याकडे लक्ष वेधले. गुरचरण दास यांनीही २००९ मधील आपल्या इंग्रजी ग्रंथात या संकल्पनेची चर्चा केली आहे.

मर्यादा आणि टीका

आनृशंस्याचा पुरस्कार करणाऱ्या ग्रंथातच काही पीडितांच्या वाट्याला ते आलेले दिसत नाही. लाक्षागृहात पांडवांऐवजी एक निषाद स्त्री आणि तिचे पाच पुत्र जळून मरतात. पांडवांची सुटका झाल्याच्या आनंदात त्यांचे मरण झाकोळून जाते. एकलव्याकडे अंगठा मागणाऱ्या द्रोणाचार्यांचे वचन आदिपर्वाने 'दारुण' म्हटले आहे, पण अर्जुनाची चिंता मिटल्याची नोंदही तेथेच येते. इरावती कर्वे यांनी 'युगान्त' (१९६७) या ग्रंथात खांडववनाच्या दहनाकडे देवकार्य म्हणून न पाहता भूमीसाठी केलेला संहार म्हणून पाहिले आणि त्यातील निर्दयतेवर बोट ठेवले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा आक्षेप अधिक मूलगामी आहे. महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन व भाषणांच्या तिसऱ्या खंडातील विवेचनात, आत्मा अमर असल्याच्या तत्त्वावर युद्धातील हत्येचे समर्थन करण्याच्या गीतेच्या युक्तिवादावर त्यांनी कठोर टीका केली आहे. शरीराला झालेली इजा तत्त्वतः गौण मानणारे तत्त्वज्ञान क्रौर्याला आळा कसा घालणार, हा प्रश्न या टीकेतून उभा राहतो.

तुलना

युरोपीय परंपरेत मिशेल द मोंतेन्य यांनी धर्मयुद्धांच्या काळात क्रौर्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. तो १५८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधसंग्रहात आहे. विसाव्या शतकात राज्यशास्त्रज्ञ ज्यूडिथ श्क्लार यांनी त्याचा आधार घेऊन क्रौर्याला सर्व दुर्गुणांत पहिले स्थान देण्याचा अर्थ स्पष्ट केला. क्रौर्य ईश्वराज्ञेचा भंग म्हणून नव्हे, तर पीडिताला होणाऱ्या यातनेमुळे वाईट ठरते, असे मानले की पापपुण्याची पारंपरिक क्रमवारी बदलते, असे त्यांनी १९८४ च्या ग्रंथात दाखवले. महाभारतात हा विचार ईश्वराला वगळून येत नाही. तेथे धर्मदेव स्वतःच माणसाच्या आनृशंस्याची परीक्षा घेतो आणि स्वतःही त्याच कसोटीला उतरण्यास बांधलेला असतो.

दोस्तोयेव्हस्की यांच्या 'करामाझोव्ह बंधू' (१८८०) या कादंबरीतील इव्हान निरपराध मुलांच्या यातनांवर उभारलेले स्वर्गीय सामंजस्य नाकारतो. नरकात थांबणाऱ्या युधिष्ठिराशी त्याचे साम्य जाणवते. फरक असा की इव्हानचा नकार विचारातून आलेला आहे, तर युधिष्ठिराचा नकार पीडितांजवळ प्रत्यक्ष थांबण्यातून व्यक्त होतो.

हे सुद्धा पहा

अहिंसा
यक्षप्रश्न
अणीमांडव्य
सौप्तिकपर्व
कर्मसिद्धान्त